‘यातले नाही’ म्हणण्याची सोय : एका दिवसकेंद्राचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा ठेवणे कठीण होण्याची अवस्था, आहे. ती २२ वर्षांची असून बोलण्यासाठी चित्रफलक वापरते. दिव्यांग तरुणांना स्वतःचे निर्णय स्वतः घेता यावेत यासाठी चालवल्या जाणाऱ्या एका दिवसकेंद्रात ती आठ महिन्यांपासून जाते. केंद्राचे नाव मुद्दामच देत नाही.

येथील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्न विचारून झाल्यावर प्रशिक्षिका गप्प राहतात. बहिणीचा हात फलकापर्यंत पोचून एका चित्रावर स्थिरावायला कधीकधी अर्धा मिनिट लागतो. घरी आम्ही तेवढ्यात तिचे उत्तर आपणच देऊन मोकळे होतो. तिला संगीत आवडते, असे आम्ही वर्षानुवर्षे सर्वांना सांगत आलो होतो. तिसऱ्या महिन्यात तिने संगीत, चित्रकला आणि संगणक यांपैकी कशावरही बोट न ठेवता फलकच बाजूला सारला. हा हट्ट नसून उत्तर आहे, हे ओळखून प्रशिक्षिकांनी दुसऱ्याच दिवशी फलकाच्या कोपऱ्यात ‘यातले नाही’ असे चित्र चिकटवले, आणि आता सर्वाधिक मळलेला चौकोन तोच आहे.

मूल्यमापनाच्या वेळी मात्र हीच दृष्टी कोठे गेली, ते कळले नाही. सहामाही प्रपत्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट शॅलॉक यांनी मांडलेल्या जीवनगुणवत्तेच्या ८ पैलूंवर आधारलेले आहे. त्यांत स्वनिर्णयही एक आहे, तरीही प्रपत्र भरायला आईच्या हाती दिले गेले. कोठे आणि कोणासोबत राहायचे हे निवडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम १९ मध्ये नोंदवलेला आहे, आणि त्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आईने मिनिटभरात, अर्थातच प्रेमापोटी, लिहून टाकले. आम्ही आग्रह धरल्यावर तेच प्रपत्र बहिणीसोबत तीन बैठकांत पुन्हा भरले गेले. मित्रमैत्रिणींबाबत आईने ‘समाधानी’ लिहिले होते. बहिणीने सर्वांत खालच्या, रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवले, आणि खात्रीसाठी पुन्हा विचारल्यावर तेथेच दाबून धरले.

त्यानंतर केंद्राने दर आठवड्याला दोन तास मोकळ्या गप्पांसाठी राखले आहेत, ही जमेची बाजू. केंद्रात पाचऐवजी चारच दिवस यायचे आहे, असेही तिने सांगितले. परंतु तशी तरतूद नियमांत नाही, असे कार्यालयाचे म्हणणे आहे. तिच्या अंगठ्याच्या ठशाचा अर्ज आम्ही महिन्यापूर्वी दिला असून त्यावर निर्णय झालेला नाही.