"निवड झाली, आता टीमसाठी पास घ्या": शॉर्टफिल्मवाल्यांना लुटायचा नवा धंदा

पदरमोड करून शॉर्टफिल्म करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. मुंबई-पुण्याच्या बाहेर राहून फिल्म करणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण या लोकांचं गिऱ्हाईक म्हणजे आपणच. फेस्टिव्हलचं नाव लिहीत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी हीच मंडळी वेगळ्या नावाने उभी राहतील. नावापेक्षा त्यांची पद्धत ध्यानात ठेवा.

आमची फिल्म 22 मिनिटांची. तासगावजवळच्या एका द्राक्षबागेत, छाटणीच्या हंगामात केलेली. कॅमेरा भाड्याचा, जेवण दिग्दर्शकाच्या घरचं. मुख्य भूमिकेत गावच्या भजनी मंडळातल्या मावशी, ज्यांनी त्याआधी कॅमेरा फक्त लग्नात पाहिला होता. फिल्म चांगली झाली आहे, हे मी संकलक म्हणून ठामपणे सांगतो. फिल्मफ्रीवे या महोत्सवांना फिल्म पाठवायच्या वेबसाइटवरून काही ठिकाणी एंट्री पाठवली. महिनाभरात मुंबईच्या एका 'इंडिपेंडंट फिल्म फेस्टिव्हल'चा मेल आला: ऑफिशियल सिलेक्शन. सोबत पोस्टरवर लावायचं ते पानांचं लॉरेल. दिग्दर्शकाने ते लगेच स्टेटसला ठेवलं, गावात पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी फोन. बाई अत्यंत आदबीने बोलत होत्या. "सर, ज्युरीला तुमची फिल्म फार आवडलीय. पाच विभागांत नॉमिनेशन आहे. आता टीमचे पास तेवढे कन्फर्म करून टाका." पासाची मूळ किंमत 2500 रुपये, निवड झालेल्या टीमला 1200, आणि दहापेक्षा जास्त घेतले तर 999. सवलत रात्री बारापर्यंतच. त्यात मल्टिप्लेक्समधलं स्क्रिनिंग, मास्टरक्लास, निर्मात्यांसोबत डिनर आणि अवॉर्ड नाइट. मग खरी मेख आली: "नॉमिनी स्वतः हजर नसेल तर अवॉर्ड पुढच्या नावाला जातं, सर. आणि तुमच्या मावशींचं नाव बेस्ट अॅक्ट्रेसमध्ये आहे."

या एका वाक्यासमोर कोण नाही म्हणेल? मावशींनी भिशीतले पैसे दिले. लाइटवाल्या पोराने ओव्हरटाइमचे दिले. क्यूआर कोड व्हॉट्सअॅपवर आला, त्यावर फेस्टिव्हलचं नाही, एका माणसाचं नाव. पावती मागितली तर "कार्यक्रमाच्या दिवशी काउंटरवर मिळेल."

महालक्ष्मी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन झालं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला की 'तांत्रिक कारणाने' जागा बदलली आहे. मल्टिप्लेक्सऐवजी अंधेरीतला एक भाड्याचा हॉल. तिथे पोचलो तर दारात पास बघायलाही कोणी नव्हतं. गळ्यात अडकवायची लॅमिनेटेड कार्डं एका खोक्यात पडली होती, आपापली उचलून घ्यायची. आमच्या सगळ्या कार्डांवर एकच क्रमांक छापलेला होता.

स्क्रिनिंगबद्दल काय सांगू? खिडक्यांना पडदे अर्धेच, भर दुपारचं ऊन थेट पडद्यावर. प्रोजेक्टर नीट लावलेला नव्हता, त्यामुळे सबटायटल पडद्याच्या खाली, भिंतीवर पडत होती. आवाज एकाच स्पीकरमधून. आणि फिल्म अर्ध्यावर, मावशींचा मुख्य प्रसंग सुरू व्हायच्या आत, वेळ कमी आहे म्हणून बंद केली. त्या अंधाऱ्या बागेचा रंग नीट जुळावा म्हणून आमच्या रंगकाराने रात्री जागवल्या होत्या. तो उठून बाहेर गेला.

हॉलमध्ये प्रेक्षक असे नव्हतेच. नांदेडची एक टीम, नागपूरची एक, बेळगावची दोन पोरं. चहाच्या टेबलाशी बोलणं झालं तेव्हा कळलं की फोन सगळ्यांना तोच, सवलत तीच, रात्री बाराची मुदतही तीच. मास्टरक्लास घेणारे आलेच नाहीत. डिनर म्हणजे पुलावाची पाकिटं. संध्याकाळी अवॉर्ड नाइट, आणि अवॉर्ड झाडून सगळ्यांना. मावशींना स्टेजवर बोलावलं, ट्रॉफी हातात दिली, फोटो काढला. खाली उतरताच एका मुलाने ती परत मागितली. घरी न्यायची असेल तर 'मोमेंटो चार्जेस' 1500. मावशींनी ट्रॉफी उलटी करून पाहिली. खालच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता, त्याच्या आत दुसऱ्या कुठल्या तरी फिल्मच्या नावाचा जुना स्टिकर. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "चला, गाडी चुकंल."

हा धंदा चालतो कसा ते समजून घ्या. इथे तिकीट काढून येणारा प्रेक्षक नाही, प्रायोजक नाहीत, फिल्म निवडणारं कोणी नाही. आलेली जवळजवळ प्रत्येक एंट्री निवडायची, विभाग भरमसाट ठेवायचे, आणि प्रत्येक टीममागे दहा-पंधरा पास खपवायचे. टीम जितकी मोठी आणि जितकी नवखी, तितकं बरं. फिल्म बघायची गरजच पडत नाही.

खऱ्या महोत्सवात गोष्ट उलटी असते. पुण्यात 2002 पासून पिफ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, मुंबईत 1990 पासून माहितीपट-लघुपटांचा मिफ हा महोत्सव होतो. अशा महोत्सवांत डेलिगेट नोंदणी (म्हणजे आधी नाव नोंदवून पास घेणं) प्रेक्षकांसाठी असते, ती महोत्सवाच्या स्वतःच्या वेबसाइटवर होते आणि विद्यार्थ्यांना वगैरे सवलत असलीच तर सर्वांना दिसेल अशी तिथेच लिहिलेली असते. निवड झालेल्या फिल्मच्या दिग्दर्शकाला पाहुणा म्हणून बोलावतात. स्वतःचीच फिल्म बघायला त्याला घाऊक भावात पास विकत नाहीत.

'डेलिगेट' हा प्रकार कशासाठी आहे, हेही माहीत असू द्या. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेली फिल्म आपल्याकडे जाहीरपणे दाखवता येत नाही. महोत्सवांना त्यातून सूट मिळते ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून, 2006 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार. त्यासाठी महोत्सवाच्या संचालकाला फिल्मची यादी आणि कथासार देऊन अर्ज करावा लागतो, निवड समिती असावी लागते, खेळ बिगरव्यापारी असावा लागतो आणि तो आधी नोंदवलेल्या डेलिगेट्सपुरताच ठेवावा लागतो. म्हणून पुढच्या वेळी असा फोन आला तर सरळ विचारा: मंत्रालयाच्या सूटपत्राची प्रत पाठवाल का? आम्ही नंतर हाच प्रश्न मेलवर विचारला, तेव्हापासून त्या बाईंचा फोन बंद आहे.

आणखी एक खूण. आमच्याकडून त्यांनी फक्त यूट्यूबची लिंक घेतली होती. थिएटरात फिल्म दाखवायची असते तेव्हा डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत) किंवा मोठ्या दर्जाची फाइल मागतात, सबटायटलची फाइल मागतात, पडद्याचं प्रमाण आणि आवाजाचे चॅनल विचारतात. यातलं काहीच कोणी विचारलं नाही, तर थिएटर नाही असं धरून चाला. ज्या मल्टिप्लेक्सचं नाव सांगतात तिथे फोन करून त्या तारखेचं बुकिंग आहे का विचारता येतं. मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागा, कुठल्या पडद्यावर किती वाजता कुठली फिल्म होती ते. फोटो मागू नका, स्टेजवरचे फोटो सगळ्यांकडे असतात. 'ऑस्कर क्वालिफाइंग', म्हणजे इथे जिंकलं की ऑस्करसाठी पात्र, असं म्हणत असतील तर ऑस्कर देणारी अॅकॅडमी अशा महोत्सवांची यादी स्वतःच्या वेबसाइटवर ठेवते, ती उघडून बघा. बेंगळुरूचा लघुपट महोत्सव त्यात सापडेल, हे नाही सापडणार.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढे वळती व्हायच्या आत कळवलं तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत कार्यक्रम 'झाला' असल्यामुळे पोलिसांचं पहिलं म्हणणं होतं की हा आपसातला व्यवहार आहे. तेव्हा ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली आणि ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. आपण भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्कही नाही. तक्रारीला यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सवलतीचा मेसेज, जागा बदलल्याचा मेसेज आणि एकाच क्रमांकाची ती सगळी कार्डं जोडली आहेत. पासांचे पैसे, रेल्वेचं भाडं आणि मावशींना झालेल्या मनस्तापाची भरपाई, असं तिन्ही मागितलं आहे. नांदेडची टीमही त्यांच्या जिल्ह्यात तक्रार करते आहे.