आठ महिने लिनक्स मिंटवर: जुना लॅपटॉप पळतोय, पण ‘ऱ्य’नं डोकं खाल्लं

सोसायटीच्या मेंटेनन्सच्या तक्त्यात एका फ्लॅटसमोर रकमेच्या जागी एरर आली, म्हणून हा रिव्ह्यू. नाव दोन्ही शीटमध्ये होतं, ‘कऱ्हाडकर’. डोळ्यांना तंतोतंत सारखं, व्हीलुकअपला, म्हणजे दुसऱ्या शीटमधून नाव शोधून रक्कम आणणाऱ्या सूत्राला, मात्र ती दोन वेगळी माणसं. पहिला राग अर्थातच लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी टाकलेल्या मिंट या सिस्टिमवर निघाला. तो कितपत रास्त होता ते खाली येईलच, आधी मशीनचं बघू.

२०१४चा ऑफिस-छाप लॅपटॉप, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती डिस्क. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंद. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत गाडी ढकलता येते, पुढे काय? दुकानदाराचं उत्तर तयारच असतं: ‘नवीन घेऊन टाका’. घेऊन टाकायला चाळीस हजार काय झाडाला लागतात? पत्रं, हिशेब, ब्राउझर आणि थोडं पायथॉनमधलं प्रोग्रॅमिंग, एवढ्या कामासाठी धडधाकट मशीन भंगारात देणं पटत नाही.

खर्च झाला तो एसएसडी (फिरत्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि रॅमचा. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. दोन्ही वस्तू मिळून तीन हजारांच्या आत आटोपल्या. एसएसडी अडीच इंची साटा, २५६ जीबीची पुरते. १२० जीबीची घेऊ नका, कारण टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट, म्हणजे बिघाड झाला तर मागे जाता यावं म्हणून जपलेल्या सिस्टिमच्या प्रती, बघता बघता जागा खातात. (घेतलीच असेल तर टाइमशिफ्टमध्ये रोजचे दोन आणि आठवड्याचा एक एवढेच ठेवा.)

रॅम घेताना मात्र स्टिकर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. या पिढीच्या लॅपटॉपना डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टवर चालणारी. स्टिकरवर ‘पीसी३एल’ असतं. शेजारच्याच डब्यात साधी ‘पीसी३’ असते, १.५ व्होल्टची. खाच तीच, लांबी तीच, स्लॉटमध्ये बसतेसुद्धा झकास. मग मशीन एकतर नुसतं बीप करतं, नाहीतर काळा पडदा दाखवून गप्प बसतं, आणि आपण मदरबोर्ड गेला म्हणून घाबरतो. ‘चलेगा, सब में चलता है’ असं काउंटरवरून ऐकू आलं, तर लॅपटॉप तिथेच उघडून, लावून, सुरू करून बघा. लाज वाटून घेऊ नका.

इन्स्टॉलेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मिंटची २२ मालिका, उबुंटू २४.०४वर आधारलेली, २०२९पर्यंत अपडेट मिळणार. पेनड्राइव्हवरून सुरू करा, इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज आणि झोपवून पुन्हा उठवणं तपासा, मग पुढे जा. वायफाय चिप दिसली नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ड्रायव्हर उतरवून घ्या. वीस मिनिटांचं काम.

पहिल्या महिन्यात मत असं होतं की मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीत आरामात चालते, जादा रॅम म्हणजे चैन. हे मत मागे घेतो. सिस्टिम चालते हो, ब्राउझर चालत नाही. दहा टॅब, त्यात बँकेची साइट आणि एक व्हिडिओ कॉल, की स्वॅप (रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर टाकणं) सुरू आणि माउस रांगायला लागतो. ८ जीबी झाल्यावर सिनॅमन ही जड आवृत्तीही त्याच मशीनवर सुरळीत चालते, एक्सएफसीईचा हट्ट धरायचं कारण उरत नाही.

यूट्यूब लावलं की पंखा का गरगरतो, हाही दोन महिने न सुटलेला प्रश्न होता. उत्तर साधं आहे. यूट्यूब हल्ली बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतींत पाठवतं, आणि या पिढीच्या ग्राफिक्सला हार्डवेअरमध्ये उलगडता येते ती जुनी पद्धत, एच.२६४. बाकीचं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर. ब्राउझरमध्ये एच.२६४ची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाका. १०८०पीच्या वरचं रिझोल्यूशन जातं, पण १३६६ पिक्सेलच्या पडद्यावर ते बघणार तरी कोण?

आता मूळ दुखणं.

मराठीत ‘र’ला ‘य’ जोडायच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा, ‘आचाऱ्यांना’ पंगतीचा हिशेब द्यायचा. हिंदीला ‘दऱ्या’तल्या या आडव्या ‘र’ची गरजच नाही, त्यामुळे हिंदी धरून बनवलेल्या कीबोर्डवर त्याची आठवण कुणाला राहत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, यासाठी नुक्तावाला (खाली ठिपका असलेला) ‘ऱ’ आहे, क्रमांक ०९३१. त्याला हलन्त लावला की आडवा ‘र’ होतो. पण जुनी पद्धतही अजून चालते: साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, झीरो विड्थ जॉइनर. म्हणजे ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’. पडद्यावर जुळे भाऊ, आतमध्ये वेगळे. एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. तक्त्यातली एरर हीच. एक यादी लॅपटॉपवर टाइप झालेली, दुसरी कुणाच्या तरी फोनवरून आलेली.

तेव्हा दुरुस्ती: तिसऱ्या महिन्यापर्यंत ‘लिनक्सला मराठी येत नाही’ असं ठाम मत होतं, तेही मागे. लिनक्सला येतं. आधी निवडलेला लेआउट चुकीचा होता आणि डेटा भेसळीचा होता.

इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डमध्ये ‘ऱ्य’ काढायला शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग स्लॅश. जे म्हणजे ‘र’, शिफ्टसह जे म्हणजे ‘ऱ’, डी म्हणजे हलन्त, स्लॅश म्हणजे ‘य’. तीनच कळा, चार दिवसांत बोटांना सवय होते. शिफ्ट विसरलात की ‘र्य’ उमटतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. ‘ळ’ शिफ्ट-एनवर. आणखी एक, बॅकस्पेस अक्षराचा शेवटचा तुकडा खातो आणि डिलीट अख्खं जोडाक्षर गिळतो. म्हणून जोडाक्षर चुकलं तर कर्सर त्याच्या शेवटी नेऊन बॅकस्पेस मारा, पुन्हा पहिल्यापासून टाइप करावं लागत नाही.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये यादीत सरसकट भारतीय किंवा हिंदी लेआउट वर दिसतो, तो न घेता मराठीच्या नावाने असलेला वर्धित इन्स्क्रिप्ट घ्या. फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून लिहायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या साधनासोबत एम१७एन पॅकेज टाका, त्यात मराठीच्या फोनेटिक पद्धती मिळतात. पण रोज पानभर लिहिणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावं, हे माझं हट्टी मत.

‘ऱ्य’चा धाकटा भाऊ म्हणजे ‘ॲ’. जुन्या लेआउटवर शिफ्ट-१ दाबलं की ‘ऍ’ येतो. तो हिंदीचा. मराठीचा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला, क्रमांक ०९७२. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून वेळ मारून नेत, आणि अजूनही नेतात. काही ठिकाणी ते नीट दिसतं, काही ठिकाणी चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. लिनक्सवर ते वर्तुळ जास्त वेळा दिसतं, कारण इथलं अक्षरजुळणीचं इंजिन असा जोड चुकीचा मानतं. तांत्रिकदृष्ट्या त्याचंच बरोबर आहे, पण नोटिशीच्या मथळ्यात ‘ॲडव्हान्स’मध्ये वर्तुळ आलं की सेक्रेटरीला हे कोण समजावणार?

कळ सापडत नसेल तर लिबरऑफिसमध्ये 0972 हे आकडे टाइप करा आणि लगेच आल्ट-एक्स दाबा. आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी आकड्यांवर काही घडत नाही. इतरत्र कंट्रोल-शिफ्ट-यू, मग तेच आकडे, मग एंटर. रोज लागत असेल तर लिबरऑफिसच्या ऑटोकरेक्टमध्ये नेहमीचे दहा-बारा शब्द भरून ठेवा: ॲडमिन, ॲप, ॲडव्होकेट वगैरे.

जुनी फाइल साफ करताना शोधा-बदला वापरा, पण सांभाळून. जोडकवाला अर्धा ‘र’ हाताने टाइप करू नका, मजकुरातूनच कॉपी करा. हाताने टाइप करताना जोडक सुटला तर शोधला जातो नुसता ‘र’ आणि हलन्त. मग बदलल्यावर ‘सूर्य’चा ‘सूऱ्य’ होतो, ‘पर्वत’चा ‘पऱ्वत’, आणि सगळ्या रफारांची वाट लागते. म्हणून आधी ‘सगळे शोधा’ दाबून ‘सूर्य’, ‘वर्ष’, ‘खर्च’ यांसारखे शब्द उजळत नाहीत ना ते बघायचं, मगच बदलायचं. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवायची हे सांगायला नको.

फॉन्टचं एक सुख मात्र इथे अनपेक्षित मिळालं. लिबरऑफिसच्या पर्यायांत भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी मराठी निवडलं, की नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे होतात. तोच फॉन्ट हिंदीवर ठेवला की हिंदी वळण. इतकी वर्षं हे कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ही फुकट आहे, पत्रांना छान दिसतो. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्ही-टीटीसुरेखमधली जुनी फाइल मात्र फॉन्टशिवाय उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तो दोष लिनक्सचा नाही, विंडोजवरही फॉन्ट नसेल तर तेच दिसतं. कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करा. कन्व्हर्टरसुद्धा ‘ऱ्य’वरच अडखळतात, तेव्हा एकदा नजर फिरवा.

पावसाळ्याचं थोडं. मशीन मध्येच सुरू होईना, तर निम्म्या वेळा दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरलेला असतो. चार्जर काढा, बॅटरी काढा, रॅम काढून पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा ब्रशने झटका, परत बसवा. आणि दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. लॅपटॉपमध्ये तो बहुधा दोन वायरी आणि पिन लावलेला येतो, नुसता नाण्यासारखा घेऊन उपयोग नाही. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणतो आणि अपडेट मॅनेजरही कुरकुरतो. लोक इंटरनेट कंपनीला फोन करत बसतात.

कुणी घेऊ नये: टॅलीवर काम असलेल्यांनी, कारण ते विंडोजवरच चालतं. सही करायचं यूएसबी टोकन रोज वापरणाऱ्यांनीही आधी आपल्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे का ते बघावं. नवे नेटवर्क प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय लागतात. झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे जुने छोटे लेझर प्रिंटर मात्र छळतात, एक रविवार त्यांच्या नावाने सोडा.

कऱ्हाडकरांची रक्कम आता बरोबर येते. फोनवरून येणारी यादी दर महिन्याला पुन्हा जोडक घेऊनच येते, त्यामुळे ती शीटमध्ये चिकटवली की आधी शोधा-बदला, मग व्हीलुकअप.