ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: स्पोर्ट्स कार घरी सांभाळत असाल तर घ्याच
चेक इंजिन लाइट लागली की लगेच गॅरेज गाठायची गरज नाही, हा एवढासा ओबीडी (गाडीची स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा) स्कॅनर स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा, फोनवर अ‍ॅप उघडायचं, की काय बिघडलंय याचा अंदाज येतो. माझी टर्बो गाडी आयडलला (उभ्या उभ्या, रेस न देता इंजिन चालू असताना) थरथरत होती, कोड आला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाहीये. इथे थेट नवीन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) मागवू नका, पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, चालवून बघा, आता पी०३०३ आला तर कॉइलच गेलीय, पी०३०१च राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे बघत जायचं. माझी कॉइलच निघाली.

खरी मजा लाइव्ह डेटात आहे. फ्युएल ट्रिम (इंजिन कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय-कमी करतोय तो आकडा) आयडलला बराच प्लसमध्ये असेल आणि आरपीएम वाढवला की शून्याकडे येत असेल तर बहुतेक व्हॅक्यूम लीक आहे, म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय, होज तपासा. आणि हो, कूलंटचा आकडा नॉर्मल दिसला म्हणून लगेच रेडलाइनला (कमाल आरपीएमला) नेऊ नका, ऑइल त्याच्यानंतर गरम होतं!

एबीएस, एअरबॅगचे कोड असा साधा स्कॅनर सहसा वाचत नाही, ही कमी मला जाणवते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा, बॅटरी उतरते. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांच्या नोंदीचा) स्क्रीनशॉट नक्की घ्या, कोडबरोबर तोही पुसला जातो.