केवलादेव : सपाट रस्ता, उंच रिक्षा

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला पक्षी नीट पाहता येतात का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘बऱ्यापैकी येतात’ असे आहे. मात्र त्याचे श्रेय मुद्दाम केलेल्या सोयींपेक्षा तिथल्या सपाट जमिनीला आणि सायकलरिक्षा चालवणाऱ्यांना द्यावे लागेल. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे पाणथळ क्षेत्र १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या मध्यातून केवलादेवाच्या मंदिराकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याला चढ-उतार जवळजवळ नाही, आणि चित्रबलाक या करकोच्यांची घरटी असलेली बाभळीची झाडे या रस्त्यालगतच्याच पाण्यात उभी असल्याने, इतरत्र ज्यासाठी चिखल तुडवावा लागतो ते दृश्य इथे रस्ता न सोडता दिसते.

माझी थोरली बहीण लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअर वापरते. ताईसाठी खरी परीक्षा होती ती रिक्षात बसण्याची. सायकलरिक्षाची बैठक जवळपास कमरेएवढी उंच, पुढे किंचित उतरती, आणि धरायला बाजूची सळई सोडून काहीही नाही. आमच्या रिक्षाचालकाने न सांगता गाडी रस्त्याकडेच्या उंचवट्याला भिडवली, पुढच्या चाकाला दगड लावला आणि खुर्ची उंचवट्यावर घ्यायला सांगितली. त्यामुळे उचलण्याची उंची निम्म्यावर आली. कमरेत तोल नसणाऱ्यांनी मात्र रुंद पट्टा किंवा ओढणी सोबत ठेवून स्वतःला बैठकीशी बांधून घ्यावे. एकदा बसल्यावर या उंचीचा फायदाही होतो : खुर्चीतून पाहताना कडेची झुडपे नेमकी डोळ्यांसमोर येतात, रिक्षातून त्यांच्यावरून थेट पाणी दिसते. बहुतेक चालकांना पक्ष्यांची चांगली ओळख असते. झाडाच्या ढोलीत डोळे मिटून बसलेला पिंगळा ताईला त्यांनीच दाखवला.

डांबरी रस्ता सोडला की चित्र बदलते. पाण्यामधल्या बांधांवरच्या मातीच्या वाटांत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात आणि निरीक्षण मनोऱ्यांना जिने आहेत. पाणी भरपूर असेल तेव्हा याचे फारसे वाईट वाटत नाही. परंतु पाऊस कमी झाला किंवा उद्यानाला पाणी पुरवणाऱ्या अजान बांध या जलाशयातून पुरेसे पाणी आले नाही, तर पक्षी उरलेल्या डबक्यांकडे सरकतात. चालणारे त्यांच्या मागे जातात आणि खुर्चीतला माणूस कोरड्या रस्त्यावर राहतो. म्हणून दिव्यांग पर्यटकाने आधी त्या वर्षीच्या पाण्याची चौकशी करावी, तिकिटे नंतर काढावीत. मनोऱ्याला उतरण बांधणे खर्चाचे असेल, हे मान्य. पण आता उद्यानात ई-रिक्षाही धावतात, त्यांतल्या दोन-चार गाड्यांना मागे उघडणारी फळी बसवणे एवढे अवघड नसावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मनोरंजनाच्या ठिकाणांचाही विचार केलेला आहे, तो केवळ कार्यालयांपुरता नाही.

दृष्टिहीन पाहुण्यांसाठी घरट्यांचा हंगाम सर्वांत चांगला, असे आमच्यासोबतच्या एका अंध स्नेह्यांचे मत पडले. प्रौढ चित्रबलाक जवळजवळ मुके असतात, फार तर चोच वाजवतात. पिल्लांचा कालवा मात्र एवढा असतो की वसाहत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे रिक्षात बसून कळते. मंदिराजवळच्या शिलालेखांवर संस्थानकाळातल्या शिकारींचे हिशेब कोरलेले आहेत. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात मारलेल्या ४,२७३ पक्ष्यांचा आकडा या स्नेह्यांनी बोटांनी चाचपून वाचला. जिवंत पक्ष्यांविषयीही अशी बोटांनी वाचता येणारी एखादी पाटी असायला हवी होती.

मुक्कामाबाबत सावध राहावे. आम्ही उतरलो त्या हॉटेलने फोनवर ‘सगळे तळमजल्यावरच आहे’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात व्हरांड्याला तीन पायऱ्या निघाल्या आणि न्हाणीघराच्या दारातून खुर्ची आत जाईना. खोली ठरवताना पायऱ्या किती आहेत आणि दार किती इंच रुंद आहे, हे स्पष्ट विचारावे आणि न्हाणीघराचा फोटो मागवून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.