नोंदीखालची पुस्तकं : वाचनालय आणि विश्वकोशासोबतचे नऊ महिने

गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, नागपूरच्या मध्यवस्तीतल्या एका जुन्या वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. कादंबरी हातात धरवत नव्हती आणि झोप तर पार तुटली होती. खऱ्या माणसांनी खऱ्या गोष्टींवर लिहिलेलं काही वाचावं, एवढंच वाटायचं. गाणं, सणवार, चित्रं, शरीर, मन, काहीही चाललं असतं. आपल्याकडे याला ललितेतर म्हणतात. पण असं पुस्तक शोधायचं कसं, हे पन्नाशीला पोचूनही मला येत नव्हतं. आता मार्च संपत आलाय, कूलरला नवा वाळा लावून झालाय आणि कार्डावर ४१ नोंदी आहेत. यात काय कामी आलं आणि काय नाही, ते लिहिते.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. ऑनलाइन दुकानांत शोधलं, मोबाइलवर फिरणाऱ्या 'वाचायलाच हवीत' अशा याद्या जमवल्या. सगळीकडे तीच पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी यशस्वी कसं व्हावं याची भाषांतरं. महिनाभरात तो नाद सोडला.

वाचनालयात अडचण वेगळी होती. तिथल्या वहीत कादंबरी, कथा, नाटक, चरित्र असे विभाग आणि उरलेलं सगळं 'संकीर्ण'. "काय शोधून राहिल्या ताई?" वाचनालय सांभाळणाऱ्या काकांनी विचारलं. म्हटलं, गाण्यावरचं काहीतरी. "मग शेवटचं कपाट पाहा जी, सगळं तिथंच हाय." त्या कपाटात पुस्तकं विषयाप्रमाणे नाहीत, दाखल क्रमांकाप्रमाणे लावलेली. मधुमेहाच्या शेजारी तमाशा, त्याच्या शेजारी बोन्साय. मोठ्या ग्रंथालयांत ड्यूईची दशांश पद्धत असते, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा. कला ७०० मध्ये, त्यात संगीत ७८० ला, लोकसाहित्य ३९८ ला, आरोग्य ६१३ ला. एकदा आकडा कळला की शेजारची दहा पुस्तकंही त्याच विषयाची निघतात. आमच्या कपाटात ती सोय नाही, म्हणून आधी नाव ठाऊक हवं. आणि नावच तर मला हवं होतं!

यावर मार्ग सापडला तो मराठी विश्वकोशात. वाईहून निघालेले त्याचे २० खंड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आपण नोंद वाचतो, माहिती मिळाली की बंद करतो. पण कितीतरी नोंदींच्या तळाशी 'संदर्भ' असं लिहून पुस्तकांची नावं दिलेली असतात, लेखक, गाव, सालासकट. विषय कोळून प्यालेल्या माणसाने निवडलेली ती पुस्तकं. मी एक डायरी केली. रात्री झोप मोडली की एक नोंद वाचायची, तळाची मराठी नावं उतरवायची आणि शनिवारी ती चिठ्ठी काकांच्या हातात द्यायची. दहा नावांतली तीन-चार तरी मिळतात, कधी धूळ झटकून. मग त्या पुस्तकाच्या शेवटी आणखी नावं असतात.

गाण्याच्या घराण्यांवरच्या नोंदीपासून निघून, असंच एकामागून एक, मी वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'पर्यंत पोचले. पुस्तक १९६१ चं. देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते. मी स्वतः आयुष्यभर हिशेब लिहिले, त्यामुळे हे कळल्यावर पुस्तकाशी नातंच जुळलं. ते घराण्यांकडे स्वर आणि लय या दोन टोकांमधून पाहतात. किराणा घराणं स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या, आणि जयपूर दोहोंचा तोल साधणारं. मी पान वाचायचे, थांबायचे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावायचे. किराण्याचे अब्दुल करीम खाँ ऐकले, मग आग्र्याचे फैयाज खाँ, मग जयपूरच्या केसरबाई. सगळं मत पटलंच असं नाही, जयपूरकडे लेखकाचा ओढा आहे हे जाणवतं. पण वसंतराव देशपांडे सभागृहात इतकी वर्षं मैफली ऐकून जे कानावरून गेलं होतं, ते पहिल्यांदा आत उतरलं. हे एक पुस्तक मी तीनदा मुदत वाढवून ठेवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला मारबत, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, दाखवायला महाल भागात नेलं होतं. काळी आणि पिवळी समोरून जाताना, 'घेऊन जा गे मारबत'च्या गजरात त्याने विचारलं, "हे आपल्याच नागपुरात का?" मला सांगता येईना. घरी आल्यावर तोच विषय डायरीत गेला. महादेवशास्त्री जोशींचा 'भारतीय संस्कृतिकोश' १० खंडांचा आहे. तो वाचनालयाबाहेर देत नाहीत, म्हणून दोन शनिवार तिथंच बसून पोळा, बैल, इडापिडा घालवण्याच्या रीती असं वाचत गेले. त्यातून लोकनाट्याकडे वळले आणि दंडार, खडीगंमत यांवरचं एक पातळसं पुस्तक हाती लागलं. भंडाऱ्याच्या आजोळी लहानपणी पाहिलेली दंडार मला कला वाटलीच नव्हती, ती आमची करमणूक होती. पुस्तकात तिचे प्रवेश, तिची गाणी नीट मांडलेली पाहून डोळे भरून आले.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून दरवर्षी लोटणाऱ्या गर्दीबद्दल सगळे बोलतात. मला तिथली पुस्तकांची दुकानं पाहायची होती. ललितेतर पुस्तकांचा एवढा मोठा बाजार मी आपल्या शहरात दुसरा पाहिलेला नाही. खेड्यांतून आलेली माणसं भाकरीच्या पिशवीत इतिहासाची, कायद्याची, धम्माची पुस्तकं भरून नेतात. तिथं वसंत मून यांचं 'वस्ती' घेतलं. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे सरकारी खंड संपादणारे हेच मून. त्यांचं बालपण बर्डीलगतच्या, म्हणजे सीताबर्डीलगतच्या वस्तीत गेलं आणि पुस्तक त्या वस्तीचं आहे, तिथल्या कुस्त्यांचं, उपासमारीचं, चळवळीचं. मी रोज बर्डीला मेट्रो बदलते. आता खाली पाहताना ते गल्लीबोळ मनात येतात.

आरोग्याच्या आणि मनःस्वास्थ्याच्या पुस्तकांबाबत मात्र सावध राहा. या विषयात संकीर्णचं कपाट सर्वांत कच्चं आहे. कुठल्याशा रसाने सगळं बरं होतं सांगणारी पुस्तकं आणि चाळीस वर्षांपूर्वीचे आहाराचे सल्ले तिथं एकत्र उभे आहेत. मी आता तीन गोष्टी पाहते : लिहिणाऱ्याचं शिक्षण काय, आवृत्ती कोणत्या सालची, आणि डॉक्टरकडे केव्हा जायचं हे पुस्तकात कुठं लिहिलंय का. तिसरी गोष्ट नसेल तर पुस्तक परत ठेवते. मला खरा आधार मिळाला तो आरोग्याच्या नव्हे, आत्मचरित्रांच्या रांगेत, डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये. गडचिरोलीत दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणारा डॉक्टर स्वतःच्या आजाराकडे, सवयींकडे, घाईकडे इतक्या उघडपणे पाहतो, हे वाचून मी स्वतः डॉक्टरकडे गेले. झोपेचं औषध काही आठवडे घेतलं, आता बंद आहे.

तक्रारी आहेतच. वाचनालय शनिवारी सातला बंद होतं, नोकरदाराची धावपळ होते. वहीतली काही पुस्तकं कपाटात नाहीतच, कुणी कधी नेली ते कळत नाही. गेल्या दहा वर्षांतली ललितेतर खरेदी फार कमी. विश्वकोशाच्या बऱ्याच नोंदी जुन्या, त्यामुळे संदर्भही जुने, आणि चित्रकलेसारख्या विषयांत बरेचसे इंग्रजीच. न मिळालेल्या नावांपैकी काही साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता आली, पण पडद्यावर लांबचं वाचन मला होत नाही. महिन्याला १०० रुपयांत एका वेळी दोन पुस्तकं मिळतात, त्या मानाने माझी तक्रार नाही.

कार्ड जूनमध्ये पुन्हा भरणार आहे. या शनिवारच्या चिठ्ठीत सहा नावं आहेत, पाच रांगोळी आणि भित्तिचित्रांवरची. सहावं बाबांच्या आवडीचं, कुस्तीवरचं. काका म्हणाले, "ते माळ्यावर असन, शिडी घेऊन पाहतो."