‘आज राजवाडा बंद आहे’: बँकॉकमध्ये आमचे नव्वद हजार कसे गेले

बँकॉकला निघालेल्या प्रत्येकाने हे आधी वाचावं म्हणून लिहिते आहे. तिथे रस्त्यात कोणी सांगितलं, की आज ग्रँड पॅलेस बंद आहे, तर त्याच्याशी एक शब्दही न बोलता पुढे जा आणि तिकीट-खिडकी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आम्ही ते केलं नाही.

2024 च्या दिवाळीनंतर मी आणि माझी ताई, दोघीच थायलंडला गेलो. वर्षभरापूर्वी भारतीयांसाठी व्हिसाची अट शिथिल झाली होती आणि टूरबरोबर न जाता आपलं आपण जायचं, हे ताईच्या फार मनात होतं. विमानाचं तिकीट दोन हजारांनी स्वस्त मिळावं म्हणून मी तीन आठवडे रोज भाव बघत होते. हॉटेलबद्दल लोकांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं. डब्यात मेतकूट आणि भाजणी भरून घेतली. पण जो राजवाडा बघायला एवढ्या लांब चाललो, तो किती वाजता उघडतो, कुठल्या दाराने आत सोडतात, तिकीट किती, यातलं काहीही मी बघितलं नव्हतं. तिथे गेल्यावर कळेलच, असं मी ताईला म्हणाले होते. ते माझे शब्द मला अजून ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीशी उतरलो. या भिंतीचा घेर जवळजवळ दोन किलोमीटर आहे. आम्ही ज्या कोपऱ्यावर होतो तिथून दारही दिसत नव्हतं आणि गर्दीही. डावीकडे जायचं की उजवीकडे, असा विचार करत उभ्या असतानाच तो आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात शहराचा नकाशा. नमस्कारासारखे हात जोडून म्हणाला, आज बौद्धांचा सण आहे, सकाळी पूजा चालू असते, परदेशी लोकांना एक वाजल्यानंतर सोडतात. त्याने आमच्याकडे काहीच मागितलं नाही. उलट ताईच्या उघड्या दंडांकडे बघून, आत जाताना खांदे झाकावे लागतात, हे आपुलकीने सांगितलं. ते खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं.

मग त्याने बॉलपेनने नकाशावर तीन गोल काढले. इथे उभी बुद्धमूर्ती, इथे आणखी एक देऊळ आणि इथे सरकारी रत्नविक्री केंद्र, तिथे करमाफीचा आज शेवटचा दिवस. रस्त्यावरची एक टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, त्यानेच थांबवली, चालकाशी थाईमध्ये बोलला आणि म्हणाला, तिन्ही ठिकाणी नेऊन परत इथे सोडेल, दोघींचे मिळून चाळीस बाट.

चाळीस बाट म्हणजे तेव्हाचे शंभर रुपये. दोन तास रिक्षा फिरवायचे शंभर रुपये कोल्हापुरातसुद्धा कोणी घेणार नाही. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण तिथले दर मला माहीतच नव्हते, त्यामुळे स्वस्त देश आहे, असतील दर असे, असं म्हणून मीच ती शंका गिळली.

पहिलं ठिकाण अगदी खरं निघालं. वाट इंथरविहान नावाचं देऊळ, 32 मीटर उंचीची सोनेरी उभी मूर्ती. डोळ्यांचं पारणं फिटलं. आम्ही पायऱ्यांवर टेकलो होतो, तिथे एक जण आधीच बसलेला होता. बायको आत पूजा करते आहे म्हणाला. तुम्ही कुठून, कुठे राहता, मुलं काय करतात, अशा साध्या गप्पा. मग आपणहून सांगू लागला, की मी वकील आहे, गेल्या वर्षी याच केंद्रातून नीलम घेऊन लंडनला विकले, त्यात आमची सहल निघाली. आज शेवटचा दिवस म्हणून पुन्हा जातो आहे.

पांढऱ्या शर्टवाल्याने सांगितलेलीच गोष्ट दुसऱ्याच ठिकाणी एक अनोळखी माणूस सांगतो, म्हणजे ती खरी असणार, असं आम्हाला वाटलं. दोघे एकाच टोळीतले असतील, हे डोक्यातच आलं नाही.

भाच्याची रास कुंभ, साडेसाती चालू, आणि त्याला नीलम घालायला सांगितलेला. ताईने त्या माणसाला हे बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या मुलीने दुसरं काही दाखवलंच नाही, थेट नीलमचा ट्रे काढला. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

दुकान म्हणजे थंडगार हॉल, दारात गणवेशातला माणूस, भिंतीवर राजाचा फोटो आणि चौकटीतली प्रमाणपत्रं. आम्हाला संत्र्याचा रस दिला. काळ्या मखमलीवर दोन खडे ठेवून वरून तिने दिवा सोडला आणि त्या दिव्याखाली ते अक्षरशः पेटल्यासारखे निळे दिसले. किंमत सुरू झाली साठ हजार बाटवर आणि ठरली छत्तीस हजारांवर. ताईने माझा हात दाबला. मी कार्ड दिलं, पिन टाकला, पावतीवर सही केली. मग त्या मुलीने खडे डबीत, डबी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पाकिटाला सील लावलं आणि बजावलं, की भारतात पोहोचेपर्यंत उघडू नका, सील तुटलं तर हमी जाते.

या सीलमध्ये खरी मेख आहे. तुम्ही बँकॉकमध्ये असेपर्यंत खडा कोणाला दाखवायचा नाही, एवढ्यासाठीच ते असतं.

संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला मी सहज म्हणाले, आज राजवाडा अर्धा दिवस बंद होता ना. तिने मान हलवली. तो रोज उघडा असतो, म्हणाली, सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन, राजघराण्याचा एखादा विधी असेल तरच बंद. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. माणशी पाचशे बाटचं तिकीट काढलं. आणि दाराशीच भोंग्यावरून इंग्रजीत सूचना चालू होती, की राजवाडा बंद आहे असं सांगणाऱ्या अनोळखी लोकांवर विश्वास ठेवू नका. कानांवर विश्वास बसेना. म्हणजे हे इतकं रोजचं आहे, की राजवाड्यालाच ते ओरडून सांगावं लागतं.

राजवाड्याच्या आवारातल्या पाचूबुद्धाच्या मंदिरात आम्ही दोघी बराच वेळ बसून होतो. मूर्ती लहानशी, उंच आसनावर. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, “राजवाड्याचं खोटं बोलला असेल गं, पण खडे तरी खरे असतील.” मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं, म्हणून मी हो म्हणाले. त्याच वेळी 1155 हा पर्यटक पोलिसांचा क्रमांक फिरवायला हवा होता. तो क्रमांक तेव्हा मला माहीत नव्हता. पोलिसांना घेऊन दुकानात गेलो असतो, तर काही तरी हाती लागलं असतं. आणखी दोन दिवस बँकॉकमध्ये होतो, ते आम्ही सीलबंद पाकीट बॅगेच्या तळाशी ठेवून घालवले.

परत आल्यावर कोल्हापुरात गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, आमच्या नेहमीच्या सराफांनी पाकीट कात्रीने कापलं. खडा चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेला, भिंग डोळ्याला लावलं, खडा फिरवला, पुन्हा बघितलं. दुकानातल्या त्या दिव्याखालचा रंग कुठे गेला होता कोण जाणे, साध्या उजेडात तो दौतीत पाणी घातल्यासारखा दिसत होता. “वहिनी, नीलमच आहे, पण गढूळ आहे, आत चिरा आहेत. दोन्ही मिळून दहा-बारा हजार,” ते म्हणाले. ताई खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

कार्डावरून नव्वद हजारांच्या वर गेले होते. बँकेकडे तक्रार केली. पिन तुम्ही टाकला, सही तुमची, माल तुम्हाला मिळाला, असं उत्तर आलं. खडा खोटा असता तर निदान खोटा म्हणता आलं असतं. खरा पण हलका माल आठपट भावाने विकला, याला कायद्यात पकडणं फार अवघड.

नंतर मी शोध घेतला. पाच मिनिटं लागली. ही युक्ती कित्येक दशकं चालत आली आहे आणि थायलंडला जाणाऱ्यांना सगळीकडे तिच्याबद्दल सावध केलेलं आहे. पांढरा शर्ट, चाळीस बाट, देवळातला सज्जन माणूस, करमाफीचा शेवटचा दिवस, सगळं जसंच्या तसं लिहिलेलं सापडलं. चालकाला गिऱ्हाईक आणल्याबद्दल दुकानाकडून कमिशन किंवा इंधनाचं कूपन मिळतं, म्हणून त्याला शंभर रुपये परवडतात. हे सगळं ‘राजवाडा बंद आहे’ या एका वाक्यावर उभं आहे. साडेआठ ते साडेतीन एवढं मला पाठ असतं, तर पुढचा माणूस, पुढचं देऊळ, पुढचं दुकान यांची गाठच पडली नसती.

आता ओळखीचं कोणी निघालं की मी स्वतः बसून त्यांचं बघून देते. 1 मे 2025 पासून थायलंडला उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन-अर्ज भरावा लागतो. तो फुकट आहे. आमच्या शाळेतली एक मैत्रीण निघाली होती, तिने शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरात आली, हुबेहूब सरकारी दिसणारी, आणि ती पैसे मागत होती. खऱ्या थाई सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओ डॉट टीएच’ (.go.th) असतं, ते मी तिला दाखवलं आणि अर्ज आम्ही तिथूनच भरला. राजवाड्याची वेळ, कुठल्या दाराने जायचं ते आणि 1155, एवढं एका कागदावर लिहून तिच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये घातलं. ती परत आल्यावर म्हणाली, “अगं, तो आला होता. पांढरा शर्टच होता. मी थांबलेच नाही.”

ताईला तिचं हे बोलणं मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे सगळं लिहून काढ.”