हमखास स्ट्रीम मिळवून देणाऱ्यांविषयी : एका स्वतंत्र मराठी बँडचा अनुभव

स्वतःच्या खर्चाने गाणी ध्वनिमुद्रित करून ती डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे स्पॉटिफायसारख्या गाणी ऐकण्याच्या अ‍ॅपवर ती चढवणाऱ्या कंपनीमार्फत, प्रसिद्ध करणाऱ्या बहुतेक कलाकारांना, गाणे आल्यापासून आठवडाभरात, इन्स्टाग्रामवर एकाच साच्यातले निरोप येऊ लागतात. गाणे सुंदर आहे पण पोहोचत नाही, आमच्याकडे प्लेलिस्टचे (गाण्यांच्या तयार याद्यांचे) मोठे जाळे आहे, इतक्या रुपयांत इतके स्ट्रीम (गाणे ऐकले गेल्याच्या नोंदी) हमखास मिळतील, असा त्यांचा मजकूर असतो. नाशिकमधील आमच्या बँडला असाच एक निरोप आला आणि त्यातून पैसे गेले, गाणेही गेले. ही पद्धत लहान गावांतल्या नव्या बँडपर्यंत पोहोचली असल्यामुळे ती कशी चालते हे सविस्तर नोंदवत आहे.

समोरचा गृहस्थ अडाणी नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. ‘दादा, हजार स्ट्रीम झाले नाहीत तर एक रुपया मिळणार नाही, नियम वाचा,’ असे तो म्हणाला आणि नियम खरोखरच आहे. मागील १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देत नाही. मात्र त्याच नियमानुसार ठरावीक संख्येने वेगवेगळे श्रोतेही असावे लागतात, आणि ती संख्या गैरप्रकार टाळण्यासाठी मुद्दामच गुप्त ठेवलेली आहे, हे त्याने सांगितले नाही. या मर्यादेखालच्या गाण्यांची सरासरी कमाई महिन्याला ३ अमेरिकी सेंट होती, असे स्पॉटिफायनेच नियम जाहीर करताना म्हटले होते. म्हणजे वर्षाला साधारण तीस रुपयांच्या नुकसानीची भीती घालून आमच्याकडून हजारोंची रक्कम मागितली जात होती.

पैसे तीन हप्त्यांत गेले आणि प्रत्येक हप्त्याला रीतसर दिसणारे बिल आले. बिलावर कंपनीचे नाव, अंधेरीचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक होता. यूपीआय खाते मात्र एका व्यक्तीच्या नावाचे होते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, तर या बिलावरील क्रमांक ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या अंकांनी, सुरू होत होता. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर भलत्याच व्यवसायाचे नाव समोर आले. हा शोध विनाशुल्क आहे, त्यासाठी लॉगिनही लागत नाही आणि पैसे पाठवण्यापूर्वी तो करणे सहज शक्य आहे.

आकडे मात्र आले, आणि भराभर आले. कलाकारांसाठीच्या डॅशबोर्डवर श्रोत्यांची शहरे दिसतात. तिथे एरवी नाशिक, पुणे, मुंबई असा क्रम असे, तो बदलून अ‍ॅशबर्न आणि फ्रँकफर्ट ही नावे वर आली. अ‍ॅशबर्न हे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले ठिकाण मोठमोठ्या डेटा सेंटरसाठी, म्हणजे हजारो संगणक ठेवलेल्या इमारतींसाठी, ओळखले जाते आणि फ्रँकफर्टमध्येही त्यांचे मोठे केंद्र आहे. संबळाच्या ठेक्यावर बांधलेले, बागलाणी वळणाचे आमचे गाणे तिथे रात्रंदिवस ऐकले जात होते, परंतु ते सेव्ह करणारे बोटांवर मोजण्याइतकेही वाढले नव्हते. ज्या प्लेलिस्टमध्ये ते घातले होते तिथे त्याच्या आधी पावसाचा आवाज होता आणि नंतर कोणत्या तरी परक्या भाषेतले नाचाचे गाणे. स्ट्रीम मोजला जाण्यासाठी ३० सेकंद पुरतात. आमचा मुखडा त्यानंतर सुरू होतो. तो त्या ‘श्रोत्यां’पैकी कोणापर्यंत पोहोचला असेल असे मला वाटत नाही.

पुढे डिस्ट्रिब्युटरची ईमेल आली. कृत्रिम स्ट्रीम आढळल्यामुळे गाणे उतरवले आहे, जमा रक्कम गोठवली आहे आणि दंड तुमच्या खात्यातून वळता होईल, असा तिचा आशय होता. उघड कृत्रिम स्ट्रीम आढळल्यास स्पॉटिफाय २०२४ पासून लेबल आणि डिस्ट्रिब्युटर यांच्याकडून गाण्यामागे दंड आकारते आणि तो पुढे कलाकाराच्या माथी मारला जाऊ शकतो. पैशांपेक्षा मोठे नुकसान वेगळेच होते. कार्यक्रमांना येऊन, नाव शोधून ज्यांनी ते गाणे आपल्या यादीत ठेवले होते, त्यांच्या यादीत ते राखाडी झाले आणि वाजेनासे झाले. त्यांतील काहींनी फोन करून विचारले, उरलेल्यांना आम्ही शोधणार तरी कुठे? शिवाय कोणते गाणे कोणाला सुचवायचे हे अ‍ॅप ऐकणाऱ्यांच्या सवयींवरून ठरवते. त्या माहितीत यंत्रांच्या सवयी मिसळल्या की खऱ्या श्रोत्यापर्यंत जाण्याची आपली वाटच बुजते.

फसवणुकीचा दुसरा अंक यानंतर सुरू झाला. ‘आमची लीगल टीम स्ट्राइक काढून देईल’, म्हणजे गाण्यावरची कारवाई रद्द करून देईल, असे सांगून त्याच गृहस्थाने आणखी रक्कम मागितली. डिस्ट्रिब्युटरचा असा निर्णय त्रयस्थ माणसाला पैसे देऊन बदलत नाही, त्यामुळे ही मागणी आली की व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे नुकतेच गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. आमची तक्रार नोंदली गेली आहे, रक्कम परत आलेली नाही. ज्यांनी अशा जाहिरातदाराला पैसे दिले आहेत पण गाणे अजून शाबूत आहे, त्यांनी बिले आणि संभाषण जोडून डिस्ट्रिब्युटरला स्वतःहून कळवणे बरे.

स्पॉटिफायचे संपादक स्वतः निवडतात त्या संपादकीय प्लेलिस्टसाठी गाणे सुचवण्याची सोय ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या सेवेत मोफत आहे. त्यासाठी गाणे येण्यापूर्वीच, शक्यतो किमान ७ दिवस आधी, अर्ज करावा लागतो आणि तिथली जागा कोणीही विकू शकत नाही. आमचा खरा श्रोतृवर्ग मात्र कार्यक्रम संपल्यावर फिरवलेल्या वहीतून आला आहे. नाव, गाव आणि व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक लिहून घेताना आमचाही क्रमांक तिथल्या तिथे सेव्ह करायला सांगावा लागतो, कारण ब्रॉडकास्ट यादीचा निरोप आपला क्रमांक सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि एका संध्याकाळी पंधरा-वीस नावे मिळाली तरी पुष्कळ झाली. पण गाणे नव्याने चढवल्यावर त्या यादीला निरोप गेला तेव्हा डॅशबोर्डवर सिन्नर आणि मालेगाव ही नावे दिसली, आणि पुढच्या घरगुती बैठकीची तिकिटे त्याच यादीतून गेली.

अलीकडे कोल्हापूरच्या एका बँडने आम्हाला एक पीडीएफ पाठवून सल्ला विचारला. कंपनीचे नाव नवे होते, दरपत्रक तेच होते. ‘आमचे यश’ या पानावर जो उंच चढत जाणारा आलेख होता तो आमच्याच गाण्याचा होता. गाणे उतरवल्यानंतरचा उजवीकडचा भाग तेवढा कापून टाकलेला होता.